हा संच ऐकणार कोण?

अगत्तीहून बंगारमला दोन होड्यांनी जायचे ठरले, तेव्हा आठ जणांच्या त्या विद्यार्थीगटात जेवणाच्या डब्यांवर जेवढी चर्चा झाली तेवढी रेडिओवर झाली नाही. कोणीतरी वॉकीटॉकीचा स्वस्त जोड मागवला. खोक्यावर 'पल्ला दहा किलोमीटर' असे छापले होते. तो कोठे उभे राहून मोजला हे खोके सांगत नसते, पण विषय तेथेच मिटला.

तो पुन्हा उघडला कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरून आलेल्या एका मुलीने. नोव्हेंबर २०१७च्या अखेरीस ओखी वादळ उठले, तेव्हा तिच्या गावचे मच्छीमार खोल समुद्रात होते. किनाऱ्यावरचा इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. तिने एवढेच विचारले : हा संच ऐकणार कोण?

भारतात विनापरवाना वापरता येणारे वॉकीटॉकी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. समुद्रावरची संकटाची हाक मात्र १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सागरी व्हीएचएफच्या सोळाव्या वाहिनीवर दिली जाते. तटरक्षक दल आणि मोठी जहाजे तेथेच कान लावून असतात. आणलेल्या जोडावरून त्या दोन होड्यांना बुडताना फक्त एकमेकींनाच हाक मारता आली असती.

मग खरा सागरी हस्तसंच घ्यायचा तर एक वॉटचा की सहा वॉटचा? येथे गट बराच वेळ अडकला. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि समुद्राचा फुगवटा त्यांना अडवतो. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ने गुणले की त्या टोकाचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही टोकांची बेरीज म्हणजे पल्ला. होडीत बसलेल्याच्या हातातील अँटेना पाण्यापासून जेमतेम एक मीटरवर असते. म्हणजे होडी ते होडी सुमारे आठ किलोमीटर, आणि अगत्ती ते बंगारम अंतरही साधारण तेवढेच! पलीकडे ३६ मीटर उंचीवर अँटेना असेल, तर तोच संच २९ किलोमीटरवरून ऐकू जाऊ शकतो. वॉट वाढवल्याने आवाज स्वच्छ होतो आणि बॅटरी लवकर संपते. क्षितिज तसूभरही सरकत नाही.

बाकीचे निकष लवकर उरकले. संच पाण्यावर तरंगणारा हवा. आयपीएक्स-७ ही खूण एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापुरतीच हमी देते. मिठाने गंजणाऱ्या जोडांविषयी ती काहीच बोलत नाही. आणि संच पिशवीत नव्हे, जीवरक्षक जाकिटाला बांधलेला असावा.

अडले ते परवान्यापाशी. सागरी संचाला तो लागतोच आणि सहलीआधी तो हाती पडण्याची चिन्हे नव्हती. (विनापरवाना वॉकीटॉकींच्या ऑनलाइन विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५मध्ये मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, त्या उगाच नव्हेत.) शेवटी गटाने रेडिओ नव्हे, होडीवाले बदलले : ज्यांच्याकडे परवान्याचे सागरी संच होते असे दोघे निवडले, भाडे थोडे जास्त पडले.

स्वस्त जोड परत केला नाही. डबे कोणत्या होडीत राहिले, हे विचारायला तो उपयोगी पडला.