न भरणारी टाकी

वाईच्या आमच्या घराबद्दल काका फुशारकीनं सांगायचे, "बांधल्यापासून संडासाची टाकी उपसलेली नाही!" ऐकणारेही माना डोलवायचे. 2018 पासून गावात दर तीन वर्षांनी ठरवून टाक्या उपसायला सुरुवात झाली, तेव्हा काकांनी गाडीवाल्यांना दारातूनच वाटेला लावलं. भरलेलीच नाही तर उपसायची कशाला?

पुढच्या खेपेला काका गावाला गेले होते. मी गाडी थांबवली, तर झाकणच सापडेना. अंगणभर शहाबादी फरशी. शेवटी काकूंनी तुळशीमागची फरशी दाखवली आणि गवंड्याला बोलावून ती उचलली.

झाकण निघाल्यावर गाडीवरच्या दादांनी सगळ्यांना लांब उभं केलं. आत डोकावायचं नाही, काडी पेटवायची नाही. मिथेन पेट घेतो आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त असला तर आधी माणसाची वासाची जाणीवच मारतो. मग त्यांनी लांब बांबू आत घातला. वर जाड साय, खाली दगडासारखा बसलेला गाळ, मध्ये पाणी म्हणावं असं वीतभरच. टाकीचं खरं काम चालतं ते त्या मधल्या पाण्यात. मैला तिथं दिवसभर तरी थांबला पाहिजे, म्हणजे जड ते खाली बसतं, तेलकट ते वर तरंगतं आणि त्यातल्या त्यात निवळलेलं पाणी बाहेर पडतं. गाळानं जागा खाल्ली की थांबायला वेळच उरत नाही. आलेला मैला तसाच पुढे जातो. म्हणजे आमची टाकी कधी 'भरली' नाही, कारण ती इतकी वर्षं गल्लीतल्या गटारात रिकामी होत होती. आणि गटार कुठं जातं हे वाईच्या माणसाला सांगायला नको. कृष्णा पाच मिनिटांवर आहे.

पाइपानं वरचं ओढलं गेलं, तळाचा गाळ हलेना. शेजारचे अण्णा म्हणाले, "एखाद्या पोराला उतरवा की, पाचशे रुपये देऊ." दादा शांतपणे म्हणाले, "उतरवणाऱ्याला तुरुंग आहे, अण्णा." खरंच आहे. 2013 च्या कायद्यानुसार सुरक्षेची साधनं न देता कुणाला अशा टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे; पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. टाकीत माणूस दगावला तर वारसांना 30 लाख द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलं. तरी अशा मृत्यूंच्या बातम्या थांबत नाहीत, कारण पाचशे रुपये काढणारे अण्णा गल्लोगल्ली आहेत. दादांनी पाण्याचा जोरदार फवारा मारून गाळ सैल केला आणि पुन्हा पाइप लावला.

काका परतले ते फुटलेल्या फरशीवरून चिडले. गवंड्यानं तिथं कडी असलेलं झाकण बसवलंय, ते त्यांना अजून खुपतं. मला खुपतं ते वेगळंच. टाकीतून निघणारं पाणी निवळलेलं असलं तरी स्वच्छ नसतं. नियमानं ते शोषखड्ड्यात जिरायला हवं. पण शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब लागतो आणि आमचं अख्खं अंगणही तेवढं नाही. विहीर आमची आहे, शिवाय पलीकडे अण्णांचीही. तेव्हा ते पाणी अजून गटारातच जातं. अण्णांशी बोलणं चाललंय, दोघांत मिळून काही करता येईल का ते. अजून तरी ते खर्चाच्या आकड्यापाशीच अडलेत.