मग बंद!

सीमाभागातल्या माणसाला दोन कान कशासाठी असतात, हे आम्हाला कुणी शिकवावे लागले नाही. एक मराठीसाठी आणि दुसरा कानडीसाठी! तोंडाने आपण एकच भाषा बोलत असू, पण कानांना दोन्हीकडे लक्ष ठेवावेच लागते. कारण आमच्याकडे शब्द दिसतो एक आणि निघतो भलताच.

साधा 'कोण' घ्या. दारावर थाप पडली की आपण आतून विचारतो, "कोण?" बाहेर उभा असलेला पाहुणा गोकाक-सौंदत्तीकडचा असेल तर त्याच्या कानावर रेडा पडतो. कानडीत कोण म्हणजे रेडा. हुबळीच्या बाजारात हत्ती तोलून विकतात, हे लहानपणी ऐकले तेव्हा तो तराजू केवढा असेल याचाच मी विचार करीत बसलो होतो. पुढे कळले की कानडीतली हत्ती म्हणजे कापूस. आपला मोर नाचतो, त्यांच्या मोराने धान्य पाखडतात, कारण मोर म्हणजे सूप. आपली बाळे पाळण्यात, त्यांची बाळे परसात, कारण ती केळ. आपण 'हल्ली' म्हणतो तेव्हा त्यांना भिंतीवरची पाल दिसते. आणि गंड म्हणजे नवरा! 'न्यूनगंड' या शब्दाची फोड कानडी सुनेने कशी करावी, हे मी वाचकांवर सोपवतो.

घाट उतरून गोव्यात गेलात तरी सुटका नाही. आपण गाडी थांबवतो तो नाका. कोकणीत 'नाका' म्हणजे 'नको'. सीमेवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे दोन अर्थ फारसे वेगळे वाटत नाहीत, ही गोष्ट निराळी.

इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींची अडचण मात्र दुसऱ्या जातीची आहे. तिथे 'शिक्षा विभाग' अशी पाटी वाचून मराठी पाहुणा दचकतो. पण हिंदीतली शिक्षा आणि मराठीतली शिक्षा या एकाच संस्कृत आईच्या मुली. मूळ अर्थ शिकणे-शिकवणे. हिंदीत तो तसाच राहिला, मराठीत 'धडा शिकवणे' या वाटेने छडीपर्यंत पोचला. राग, चेष्टा या शब्दांचेही असेच झाले. वेगळे बिऱ्हाड केलेले हे भाऊ, चेहऱ्यावरून नाते ओळखू येते.

कोण आणि कोण यांचे तसे नाही. मराठी संस्कृत-प्राकृताच्या कुळातली, कानडी द्राविड कुळातली. अक्का, अण्णा, तूप असे शब्द आपण कानडीशी शेजारधर्माने वाटून घेतले, ते अर्थासकट. पण हत्ती आणि हत्ती यांची गाठ केवळ योगायोगाने पडली. दोन-तीन अक्षरांत किती म्हणून वेगळे शब्द बसणार? एसटीच्या गर्दीत एकाच कापडाचा सदरा घातलेले दोन परके भेटावेत, तसे हे.

त्यात लिपी आणखी भर घालते. कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ'ला वेगवेगळी अक्षरे आहेत, मराठीत एकच. म्हणून त्यांचा आखूड 'मोर' आपण देवनागरीत लिहिला की त्याला पिसारा फुटतो. शिवाय आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो, ते तो पुरता उच्चारतात. म्हणूनच कानडी दुकानाच्या दारावर बंदची पाटी लावताना द आवर्जून हलन्त लिहितात. नाहीतर वाचणारा वाचील, 'आला'. कानडीत 'बंद' म्हणजे 'तो आला'.

या एका शब्दाने आमच्या घरात एकदा जीव टांगणीला लागला होता. माझी आई रत्नागिरीकडची. लग्न होऊन बेळगावात आली ती १९५६ नंतर, म्हणजे राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यावर. सरकारी कागद कानडी झाले, तशी ती कानडीला घाबरू लागली. शेजारच्या कानडी अज्जींशी तिचा सारा व्यवहार हातवारे आणि हसण्यावर चाले. एका पावसाळ्यात माझा थोरला भाऊ, दहा-अकरा वर्षांचा, काकांबरोबर खानापूरकडे गेला. मलप्रभेला पूर आला. दिवसभर जो येई तो एकच सांगे, "वाट बंद, गाड्या बंद." रात्र झाली. आईने दिव्यापुढे बसून पदर तोंडात धरला होता. इतक्यात अज्जी भिजत धावत आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "मग बंद! मग बंद!"

आईला दोन्ही शब्द चांगले ठाऊक होते. मग, आणि बंद. आता पुढे काही नाही. ती तिथेच खाली बसली. अज्जी तिला हलवीत तेच तेच सांगत होत्या आणि ती जास्तच पांढरी पडत होती. मग दारात भाऊ उभा राहिला, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. कानडीत मग म्हणजे मुलगा. मुलगा आला, एवढेच अज्जी सांगत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून आई रोज दुपारी अज्जींकडे जाऊन बसू लागली. वर्षभरात ती त्यांच्याशी भांडण्याइतके कानडी शिकली. भाषेची याहून वरची परीक्षा नाही. मराठी मात्र तिची तसूभरही उणी झाली नाही. अज्जींच्या शेवटच्या आजारात त्या जे पुटपुटत, ते त्यांच्या पुण्यात वाढलेल्या नातवंडांना आईच समजावून सांगत असे.

धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला तो 'नाकु तंती' या कानडी काव्यसंग्रहासाठी. मराठी डोळ्याला त्या नावात नाक दिसते. अर्थ आहे चार तारा. दोन्ही कान उघडे ठेवले तर काय हाती लागते, हे त्यांनी दाखवले आहे.

पाट्यांवरून आमच्या गावात काचा फुटलेल्या मी पाहिल्या आहेत. मराठी अक्षर पाटीवर राहावे असे मलाही मनापासून वाटते, आणि तो हक्क मी सोडणार नाही. पण हल्ली काळजी वेगळीच लागली आहे. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. परवा तिला विचारले, "मग म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "आजोबा, बाथरूममधला!" आईचा मग नाही आणि अज्जींचाही नाही. भांडणारे आम्ही दोघे, आणि शब्द तिसऱ्यानेच उचलून नेला!

म्हणून रविवारी तिला घेऊन बसतो. एक शब्द घ्यायचा, दोन अर्थ सांगायचे. गेल्या खेपेला 'मने' घेतला. मराठीत माणसांची मने. कानडीत मने म्हणजे घर. तिने वहीत तो एकदाच लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि विचारले, "यातलं आपलं कुठलं?"

म्हटले, "दोन्ही लिही की."