मोकळे तीन दिवस

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी दिली गेली, तेव्हा महात्मा गांधी त्याच तुरुंगात कैदेत होते. अहिंसेवर सारा जन्म पणाला लावलेला माणूस आणि खुनाच्या आरोपाखाली फासावर चढणारे चार तरुण, सगळे एकाच आवाराच्या आत. ही गोष्ट मला कळली तेव्हापासून सोलापूरचा १९३० चा मे महिना माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. सोलापूरच्या मुलाला ही नावं पाढ्यांसारखी पाठ असतात. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. कन्नड, तेलुगू, उर्दू, मराठी अशा सगळ्या बोली एकाच पेठेत ऐकू येणाऱ्या या गावाने जणू ठरवून आपले चार प्रतिनिधी दिले, असं वाटावं. चौकातल्या त्यांच्या पुतळ्यांना दर १२ जानेवारीला हार घातले जातात. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्राही त्याच सुमारास येते आणि गाव आधीच गजबजलेलं असतं. चौघांबद्दलचा आदर माझ्या मनात कधीच कमी होणार नाही. तरीही मला असं वाटत आलंय की आपण गोष्टीचा शेवट जपला आणि मधला भाग हातातून निसटू दिला. तो मधला भाग फार मोलाचा आहे.

गांधीजींनी ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला मीठ उचललं. सोलापूरला समुद्र नाही, इथे मीठ कुठून उचलणार? पण त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. पुण्याहून आलेल्या अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते तो फडकवला गेला. माणिकचंद शहा तेव्हा नगरपालिकेचे अध्यक्ष होते. नगरपालिका म्हणजे पाणी, दिवे, झाडलोट, गटारं बघणारी संस्था. तिचे अधिकार इंग्रजांच्या कायद्याने दिलेले, आणि काढून घ्यायला त्यांना एक हुकूम पुरला असता. अशा संस्थेतल्या माणसांनी, ज्यांना घरदार आणि व्यापारउदीम होता, परक्या राजाच्या देखत आपल्या कचेरीवर आपला झेंडा लावला. मला यात बंदुकीसमोर छाती काढण्याइतकंच धैर्य दिसतं. कारण बंदुकीसमोर माणूस क्षणभर उभा राहतो, पण झेंडा रोज तिथेच असतो आणि त्याखालून रोज कामावर जायचं असतं.

मिठाच्या जागी सोलापूरला शिंदी सापडली. शिंदीच्या झाडांचा रस काढायचा, ताडीच्या दुकानांत विकायचा आणि त्यावरचं उत्पन्न सरकारच्या तिजोरीत भरायचं, असा हा धंदा. गावात मोठ्या कापड गिरण्या होत्या. जुनी मिल तर १८७७ सालची. दिवसभर साच्यांवर राबलेल्या कामगाराची मजुरी संध्याकाळी त्या दुकानात जात होती. म्हणून झाड तोडणं हा इथला सत्याग्रह झाला. त्यात सरकारचा महसूल बुडत होता आणि कामगाराच्या घरचा पैसा वाचत होता. मिठाच्या कायद्यापेक्षा हा प्रश्न गिरणगावाच्या अंगाला जास्त चिकटलेला होता, असं माझं मत आहे.

गांधीजींना ५ मेच्या पहाटे पकडलं आणि येरवड्याला नेलं. बातमी पोचताच सोलापूरच्या गिरण्या थांबल्या. संप इथल्या कामगारांना नवा नव्हता. १९२० सालीही त्यांनी तो करून पाहिला होता. ८ मेला रूपाभवानीच्या देवळाच्या परिसरात शिंदीची झाडं तोडायला लोक जमले. पोलिसांनी अडवलं, धरपकड केली, गर्दी हलेना, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. त्यानंतर मात्र गर्दी कुणाचीच राहिली नाही. दारूची दुकानं पेटली, न्यायालयाची इमारत पेटली. मंगळवार पेठेच्या चौकीत पोलीस शिपाई मारले गेले आणि जाळले गेले.

इथे मला थांबावंसं वाटतं. त्या दिवसाची गोष्ट सांगताना आपण शिवदारे यांच्यापाशी थांबतो आणि मग घाईने फाशीच्या खोलीपर्यंत जातो. मधल्या त्या शिपायांकडे कुणी बघत नाही. ते इथलेच होते. पोटासाठी त्यांनी खाकी चढवली होती. त्यांच्या घरीही त्या संध्याकाळी चूल पेटली नसेल. अहिंसेचा लढा म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्याच्या हिशेबात ही माणसं धरावीच लागतात. त्यांना वगळलं तर शिवदारे यांच्या मरणाला दिलेलं वजनही खोटं ठरतं.

चौरीचौऱ्याला १९२२ साली जमावाने पोलीस ठाणं जाळलं, त्यात बावीस पोलीस मेले आणि गांधीजींनी ऐन भरातली असहकाराची चळवळ मागे घेतली. सोलापूरनंतर तसं झालं नाही. अटकेच्या आधीच त्यांनी सांगून ठेवलं होतं की या खेपेला कुठे हिंसा घडली म्हणून लढा थांबणार नाही. चळवळ आता एका माणसाच्या हाकेवर थांबण्याएवढी लहान राहिली नव्हती आणि ती थांबली नाही हे बरंच झालं, असं मला वाटतं. पण चौरीचौऱ्यानंतर निदान एका माणसाने त्या मेलेल्या पोलिसांसाठी उपास केला होता. सोलापूरच्या शिपायांसाठी कुणी केला नाही.

आणि आता तो मधला भाग. जाळपोळीनंतर कलेक्टर नाईट आणि त्यांचे अधिकारी गावातून मागे सरले. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. सुमारे दीड लाख वस्तीचं गाव, गिरण्या बंद, अंगात संताप भिनलेला आणि रस्त्यावर एकही पोलीस नाही. कालच्या हिंसेची आग अजून विझलेली नाही. अशा वेळी काय होईल, हे कुणीही सांगू शकलं असतं. झालं ते उलट. रामकृष्ण जाजूंच्या अध्यक्षतेखालच्या शहर काँग्रेसने गावाची व्यवस्था अंगावर घेतली. स्वयंसेवक चौकात उभे राहून टांगे-सायकलींना वाट करून देऊ लागले, पेठांवर पहारा देऊ लागले. ज्या गावातल्या गर्दीने आदल्या दिवशी चौकी पेटवली, त्याच गावातली माणसं आता हात जोडून लोकांना घरी जायला सांगत होती.

हे कशामुळे झालं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. स्वभावाने सोलापूरकर शांत, असं म्हणणं सोपं, पण ८ मेनंतर ते टिकत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे कारण त्या आधीच्या महिन्यांत आहे. प्रभातफेऱ्या काढायच्या, सभेत माणसं रांगेने बसवायची, दारूच्या दुकानासमोर निरोधन करताना शिव्या खाऊनही हात उचलायचा नाही, वर्गणीचा पैन् पै हिशेब द्यायचा. ही सगळी कंटाळवाणी कामं. त्यात कुणाचा पुतळा होत नाही. पण ८ मेला ज्यांचा राग अनावर झाला, त्यांच्याभोवती ही सवय अंगी मुरलेले लोकही होते, आणि दुसऱ्या दिवशी गाव त्यांच्या हातात आलं. अहिंसा ही मला या तीन दिवसांत सगळ्यात जास्त खरी वाटते, कारण ती इथे एकदा मोडून पडली होती आणि पुन्हा उभी करावी लागली.

सरकारला नेमकं हेच सहन झालं नसावं. गाव जळत असताना नाही, गाव शांत झाल्यावर, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत राहिला. लष्कर आलं. पालिकेवरचा झेंडा उतरवला गेला, झेंडा बाळगणं हाच गुन्हा ठरला, गांधी टोपी दिसली की शिपाई ती ओढून काढू लागले. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. तुळशीदास जाधवांची गोष्ट सोलापुरात अजून सांगतात: बंदूक समोर धरून टोपी काढायला सांगितली, तरी त्यांनी ती काढली नाही. दोन आण्यांच्या खादीच्या तुकड्यासाठी माणूस मरायला तयार होतो, तेव्हा समोरच्या शिपायाच्या हातातली बंदूक निरुपयोगी होते. गोळी झाडली तरी टोपी डोक्यावरच राहणार असते.

चौघांवर खटला चालला तो मंगळवार पेठेतल्या त्या पोलीस शिपायांच्या मृत्यूबद्दल. शहराने त्यांना कधीच गुन्हेगार मानलं नाही. धनशेट्टी काँग्रेसचं काम करणारे, कुर्बान हुसेन तर विशीतला पोरगा, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवणारा आणि कामगारांत ऊठबस असलेला. सरकारला चौकी जाळणारे हात सापडले की गाव हलवणारी माणसं, हा प्रश्न सोलापूर तेव्हापासून विचारत आलं आहे. उच्च न्यायालयात शिक्षा कायम झाली. प्रेतं घरच्यांना मिळाली नाहीत.

फाशीनंतर दोनच आठवड्यांनी, २६ जानेवारीला, गांधीजी सुटले. मार्चमध्ये व्हाइसरॉय आयर्विनशी त्यांचा करार झाला आणि सत्याग्रही कैदी सुटू लागले, पण ज्यांच्यावर हिंसेचा आरोप होता त्यांना त्या करारात जागा नव्हती. चौघे जिवंत असते तरी त्या यादीत आले नसते.

माझं मागणं एवढंच आहे. दर १२ जानेवारीला चौकात चौघांना हार घालताना ६ एप्रिलच्या त्या झेंड्याचीही गोष्ट मोठ्याने सांगितली जावी, म्हणजे शाळेतून रांगेने आलेल्या मुलांच्या कानावर ती पडेल. ९ ते ११ मे या दिवसांत चौकाचौकात उभे राहिलेल्या स्वयंसेवकांची जेवढी नावं जुन्या कागदांत सापडतील तेवढी शोधून एका फलकावर लिहावीत. आणि मंगळवार पेठेत मारल्या गेलेल्या शिपायांचीही नावं त्याच फलकावर खाली असावीत.