एअर, हवा आणि वारं

एअर म्हणजे हवा, विंड म्हणजे वारा. शाळेत किती सोपं होतं! पण आमच्या नांदेड-लातूरकडे बोलताना हा हिशोब जुळत नाही. टायरमध्ये हवा भरतात, पंख्याचा वारा घेतात, 'आज हवा खराब आहे' म्हटलं की ते वेदर असतं आणि निवडणूक आली की कुणाची तरी 'हवा' असते. उगाच 'हवा करणारे' इंग्रजीतही आहेत बरं का, तिथे ते 'एअर्स' दाखवतात.

'एअर' मूळचा ग्रीक, लॅटिन-फ्रेंच करत इंग्रजीत आला. त्याचा इटालियन भाऊबंद एका आजाराच्या नावात बसलाय. मलेरिया, म्हणजे 'माला आरिया', खराब हवा! दलदलीच्या घाणेरड्या हवेने ताप येतो अशी समजूत होती. २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. कुठे? सिकंदराबादला! म्हणजे नांदेड-लातूर तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होतं, तिथेच. हवा निर्दोष सुटली, नाव मात्र तेच राहिलं.

असो. आता आपला शब्द. 'अंगावरून वारं गेलं.'

लातूरच्या माझ्या चुलत्यांचं असंच झालं. संध्याकाळी उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. घरच्यांनी रात्रभर तेल चोळलं. काकू म्हणत होत्या, "वारं गेलंय बाबा, येईल हळूहळू ताकद." सकाळी दवाखाना गाठला. हात अजून उचलत नाही.

खरं तर यात वारा कुठेच नसतो. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी मेंदूचा स्कॅन करून. वारं म्हटलं की माणूस ते ओसरायची वाट बघतो. नेमका तोच वेळ हातातून जातो.

शब्द बदला असं मी म्हणत नाही. मलेरियाचं नाव तरी कुठे बदललं? पण मलेरिया म्हटल्यावर आज कोणी हवेला दोष देत बसत नाही, रक्त तपासतो. तसंच वारं गेलं म्हटलं की आधी घड्याळ बघायचं आणि १०८ ला फोन लावायचा. तेल नंतर.

या विकांताला घरी फोन कराल तेव्हा एवढं नक्की सांगा.