पाय कुणाचे, खिसा कुणाचा

फुटबॉल म्हणजे गरिबाचा खेळ. एक चेंडू आणि बावीस पोरं! १५ सप्टेंबर २०१७ ला तर राज्यभर शाळाशाळांतून तो खेळवला गेला. पण एका दिवसात खेळाडू घडत नाही. त्याला रोजचा सराव, चांगला प्रशिक्षक, भरपूर सामने लागतात. आमच्या नांदेड-लातूरच्या पोरानं त्यासाठी पुण्या-मुंबईला जायचं म्हणजे फी, बूट, राहणं, प्रवास... 'लातूर पॅटर्न'च्या शिकवणीसाठी बाप कर्ज काढतो, खेळासाठी नाही. त्याला तरी मी काय बोलू? मग निवड पायांची होत नाही, खिशाची होते. नागपुरात विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या पोरांना मैदानावर आणलं. म्हणजे पोरं कमी नाहीत. बघणारे कमी आहेत.