पायाखालची वही

रविवार पेठेतील आमच्या जुन्या वाड्याच्या पुनर्विकासाचा करार झाला आणि घर रिकामे करण्याची घाई सुरू झाली. माळ्यावर आजोबांच्या लाल कापडी वह्या होत्या. मोडी कोणाला वाचता येत नव्हती, नव्या भाड्याच्या घरात जागा नव्हती. त्या वह्या वजनावर रद्दीत गेल्या. निर्णय माझाच होता, हे आधीच सांगितलेले बरे.

त्यानंतर मुलीकडे लंडनला जाणे झाले. तिथल्या जुन्या व्यापारी भागात ब्लूमबर्गच्या कार्यालयाखाली, रस्त्यापासून सुमारे ७ मीटर खोल, रोमनकालीन मिथ्रस मंदिराचे अवशेष जतन केले आहेत. हे मंदिर १९५४ मध्ये सापडले. त्या जागेवर उभी राहिलेली इमारतही पुढे जुनी झाली. ती पाडून नवी बांधताना पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले. वॉलब्रुक या बुजलेल्या ओढ्याच्या ओल्या चिखलात हवा पोहोचत नसल्याने लाकूड कुजले नव्हते. तिथे चारशेहून अधिक लाकडी लेखनपट्ट्या मिळाल्या. त्यांवरील मेण केव्हाच नाहीसे झाले होते. लेखणीचे ओरखडे मात्र लाकडात उरले होते.

त्यांतील एका पट्टीवर तारीख आहे : इसवी सन ५७, ८ जानेवारी. टिबुलस नावाचा एक मुक्त झालेला दास लिहून देतो, की विकलेल्या व पोचत्या केलेल्या मालापोटी आपण ग्रेटसचे १०५ दिनार देणे लागतो. म्हणजे उधारीची चिठ्ठीच! काचेपाशी उभा असताना मला आजोबांच्या वह्या आठवल्या. परक्या देशातील दोन व्यापाऱ्यांची उधारी जवळजवळ दोन हजार वर्षांनी मला कळली. माझ्या आजोबांकडून कोण माल नेत होते, हे मात्र आता कधीच कळणार नाही.

मुलीने तिथली रीत सांगितली. जुन्या वस्तीत पाया खणायचा असेल, तर पुष्कळदा परवानगीतच अट असते : यंत्र चालू असताना एक पुरातत्त्वज्ञ शेजारी उभा राहतो. मातीचा रंग बदलला, वीट किंवा खापर दिसले, की तो हात वर करतो. काम थांबते, मोजमाप, रेखाटन, छायाचित्र होते, मग पुन्हा सुरू होते. खर्च बांधणाऱ्याचा असतो.

परतल्यावर मी दादांकडे विषय काढला. ते म्हणाले, “एकेका दिवसाचे भाडे आपल्याच खिशातून जाते, हे विसरू नकोस.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शिवाय लोकांना भीतीही असते. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे; त्यामुळे काही दिसले तरी वर माती लोटण्याकडे कल असतो. अखेर मागच्या चौकापुरते दोन दिवस सावकाश खणायचे ठरले. इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक छत्री घेऊन कडेला उभे राहिले.

ठेवा निघाला नाही. घडीव दगडांचा एक बुजलेला आड, खापरे आणि गंजलेले लोखंडी वजन निघाले. दादांनी ते वजन हातात घेतले, बराच वेळ तोलले आणि म्हणाले, “वडिलांच्या दुकानातले असावे.” तिसऱ्या दिवशी आडाची मोजमापे पुरी होईपर्यंत त्यांनीच यंत्र थांबवून ठेवले.

आपल्या अनेक घरांचे करार आज होत आहेत. किल्ल्या देण्यापूर्वी वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि करारात दोन दिवस सावकाश खणण्याचे एक कलम घालावे. माझ्याकडून पहिले राहिले. दुसरे थोडक्यात साधले.