दफनभूमीतले अँगल

गेले तीन शनिवार आम्ही काही स्वयंसेवक आपल्या दफनभूमीत लोखंडी अँगल उपटत आहोत. काहींनी विचारलं, "एवढं काय त्यात? ट्रॅक्टर लावा आणि ओढा की!" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे कुंपण दफनभूमीच्या मधोमध आहे. देखभालीच्या खर्चावरून दोन गटांत वाद झाला, तेव्हा ते घातलं गेलं. वाद कुणाचा खरा होता यात आता शिरत नाही. एवढंच सांगतो, की आपल्यातल्या एका आजींचा नवरा तारेच्या अलीकडे आहे आणि मुलगा पलीकडे. दोन्हीकडे मेणबत्ती लावायची तर त्यांना बाहेर पडून रस्त्याने वळसा घालून दुसऱ्या फाटकातून यावं लागतं. गुडघे दुखू लागल्यापासून त्या एकाच कबरीपाशी बसून पलीकडे बघत राहतात. आता दोन्ही बाजूंनी संमती दिली आहे, आणि आम्हाला 2 नोव्हेंबरच्या आत, मृतांच्या स्मरणदिनाआधी, वाट मोकळी करायची आहे.

ट्रॅक्टर आत येत नाही, कारण दोन कबरींमध्ये माणूस आडवा होऊन चालतो एवढीच जागा. शिवाय आडवा ओढलेला अँगल जमिनीलगत वाकतो आणि खालचा भाग तसाच रुतून राहतो. खांब निघतो तो सरळ वर उचलला तरच.

आधी काटेरी तार. ती ताणलेली असते, कापताच झटक्याने गुंडाळत अंगावर येते. म्हणून जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि कापणाऱ्याने तारेच्या रेषेत उभं राहायचं नाही. पोरांना त्या दिवशी आम्ही फाटकाबाहेरच ठेवलं.

मग साखळी. अँगलला जमिनीलगत फास घालायचा. नुसती साखळी गुळगुळीत लोखंडावरून सरकते, पण तारेसाठी अँगलला भोकं असतातच, त्यांतल्या खालच्या भोकात एक बोल्ट अडकवला की साखळी त्याच्याखाली धरून राहते. पाच फुटी पहार घ्यायची आणि खांबापासून सहा इंचांवर फळीच्या तुकड्यावर दगड ठेवून तिला टेकू द्यायचा. म्हणजे पलीकडे साडेचार फूट उरतात, जोर नऊपट. पन्नास किलोचा माणूस टोकावर भार टाकतो तेव्हा खांबाला साडेचारशे किलोच्या आसपास ओढ बसते. मात्र टोक दोन फूट खाली आलं तरी खांब पावणेतीन इंचही वर येत नाही. पुन्हा साखळी खाली घ्या, पुन्हा दगड उंच करा. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे.

आपल्याकडची माती तांबडी. उन्हाळ्यात ती विटेसारखी होते, तेव्हा आदल्या रात्री बुडाशी घागरभर पाणी ओतावं लागतं. पाऊस नुकताच सरल्यामुळे यंदा त्याची गरज पडली नाही.

आठ-नऊ खांब असे निघाले. पुढचे काँक्रीटमधले, ते हलेनात. कबरींना लागून असल्याने खणायचीही सोय नव्हती. तेव्हा पलीकडच्या गटातले एक गवंडी मामा भिंतीपाशी बराच वेळ उभे होते, ते आत आले. कुंपण त्यांनीच घातलं होतं. म्हणाले, "तसं नाही हो ते निघायचं. खाली पाय फाकवल्यात त्याचे." अँगलचं खालचं टोक चिरून दोन बाजूंना फाकवायचं आणि मग काँक्रीट ओतायचं, अशी पद्धत असते. म्हणजे लोखंड एकटं येणार नाही, काँक्रीटच्या गड्ड्यासकट उचलावं लागणार. मामांनी घरून ट्रकचे दोन जॅक आणले, खांबाच्या दोन्ही बाजूंना फळ्यांवर ठेवले, वर आडवी पहार टाकून तिला साखळी बांधली आणि दोन्ही जॅक सारखे चढवायला लावले. एक पुढे गेला की "थांब रे" म्हणून ओरडायचे. त्या दिवशी चहा दोन्हीकडून आला.

यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणातही एक दगडी कठडा होता. परराष्ट्रीयांनी तो ओलांडला तर मरण ओढवेल आणि त्याला तेच जबाबदार, असा ग्रीक भाषेतला इशारा त्यावर होता. त्यातला एक दगड 1871 साली सापडला, तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. इफिसच्या त्रफिमाला पौलाने मंदिरात नेलं, या संशयावरूनच पौलाला जमावाने धरलं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 21). इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मधली भिंत पाडल्याची गोष्ट येते, तेव्हा अनेक अभ्यासकांना हाच कठडा आठवतो. आम्हाला हल्ली तो वाचताना पहार आठवते. काढणाऱ्याच्या पाठीला काय होतं ते आता ठाऊक आहे.

एक अँगल मात्र राहणार. चाफ्याच्या मुळाने त्याला असं कवटाळलंय की उपटला तर झाड जाईल. तो ग्राइंडरने जमिनीखाली चार बोटं कापून वर माती टाकू, असं ठरलं. आता खड्डे तेवढे उरले. ते नीट बुजवले नाहीत तर आजींचा पाय त्यातच मुरगळायचा. मुरूम येऊन पडला आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर ज्यांना जमेल त्यांनी घमेलं घेऊन यावं, धुमस मामा आणणार आहेत.